शून्य मीटरवरचं देऊळ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या दुकानाचं देऊळ झालं. मी केलं नाही हो. सरकारी यंत्रानं केलं, आणि मला साधं विचारलंही नाही.

मी तेव्हा शेखचाचांच्या बाटलीवर नाव चिकटवत होते. पाठीमागं कपाटाचं कुलूप खट्‌कन बसलं आणि त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘परवाना स्थगित. कारण : प्रार्थनास्थळापासून अपुरं अंतर. आवश्यक अंतर ३०० मीटर. सध्याचं अंतर ० मीटर.’

शून्य! चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शून्यच. म्हटलं, कुणी दारात दगडाला शेंदूर फासून गेलं की काय, आपल्या लोकांचा नेम नाही. बाहेर येऊन गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. शेजारच्यांची स्कूटर होती, गटाराचं झाकण होतं, झाकणावर एक कुत्रं झोपलं होतं. देव कुठंच नव्हता.

मी कुंदा सुरवसे. वय चोपन्न, शिक्षण फार्मसीचं, तोंड फटकळ. बार्शीच्या पोस्टल कॉलनीत औषधी भांगेच्या अर्काचं केंद्र चालवते. अख्ख्या तालुक्यात परवाना असलेलं हे एकच. कायदा येऊन नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं लोक मला ‘भांगवाली बाई’ म्हणायचे. त्यांना सांगून सांगून माझा घसा बसला की अहो, मनुका आणि द्राक्षाची दारू यांचा जेवढा संबंध, तेवढाच माझ्या औषधाचा आणि नशेचा.

खरं तर औषध मी बनवतच नाही, कपाट बनवतं. त्याच्या पोटात निरनिराळ्या जातींच्या झाडांचे बारा अर्क असतात. प्रत्येक पेशंटच्या दंडावर नखाएवढी पट्टी असते. त्याच्या अंगात औषध किती वेगानं खर्च होतं, फिट कधी येऊ पाहते, कळ कधी वाढते, हे ती पट्टी टिपून ठेवते. पेशंट आला की कपाट पट्टी वाचतं आणि त्या आठवड्यापुरतं, त्याच माणसापुरतं मिश्रण करून देतं. बाटली आठ दिवसांची. त्याहून जास्त द्यायची नाही, दुसऱ्याची वापरायची नाही, दुसऱ्या तालुक्यात मिळायची नाही. केंद्राला काचेची खिडकी नको, पाटीवर पानाचं चित्र नको, तीनशे मीटरांत शाळा नको, देऊळ-मशीद नको. असे एकशे सोळा नियम. आणि नियम पाळले जातात की नाही हे बघायला माणूस नाही, दारावरचा एक कॅमेरा. त्याला सगळे ‘डोळा’ म्हणतात. नियम मोडला की डोळा कपाटाला कुलूप घालतो, मग मी कितीही शंख करो.

मी परवाना खात्याला फोन करून यथेच्छ शंख केला. दुपारी सोलापूरहून निरीक्षक आले. अंकुश फुलारी, तिशीचा मुलगा, शर्ट खोचलेला, बोलणं गरीब.

“मॅडम, देऊळ शोधू नका,” तो म्हणाला. “देऊळ म्हणजे तुमचं केंद्रच.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

त्यानं टॅब उघडून माझ्यापुढं धरला. “आधी आम्ही डोळ्याला कळस, मिनार, क्रूस असली चित्रं शिकवली होती. पण आपल्याकडं देवाला छप्पर कुठं लागतं? झाडाला दोरा बांधला की देव, खांबाला हळदकुंकू लावलं की देव. डोळा रोज चुकायचा. मग चित्रं सोडून त्याला माणसं शिकवली. जिथं माणूस चपला काढतो, हात जोडतो, डोकं टेकतो, वस्तूला हात लावून तो कपाळाला नाही तर छातीला नेतो, तिथं प्रार्थनास्थळ. महिन्यात एका जागी दोनशे वेळा असं झालं, की नकाशावर नोंद होते. तेव्हापासून डोळा एकदाही चुकला नव्हता.”

“म्हणजे आता चुकला ना?”

“तुम्हीच बघा.”

बघितलं. पहिली पूनम सोनटक्के दिसली. कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावते, नवरा टेम्पोवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिची सहा वर्षांची ईश्वरी जन्मापासून फिटांची. आली तेव्हा दिवसाला तीस-तीस फिटा यायच्या पोरीला. आता पाच महिने एकही नाही. ती पूनम बाटली घेऊन बाहेर पडते, चप्पल काढते, वळते आणि माझ्या पायरीला डोकं टेकते. मला पत्ताच नाही! मी आत रजिस्टरमध्ये मान घालून बसलेली. मग शेखचाचा. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, केमोनंतर पायांची आग आग व्हायची. ते चौकटीला बोटं लावतात आणि छातीवर ठेवतात. मग वैरागच्या एक आजी, मग एक पोलीस हवालदार, टोपी काढून. महिन्यात दोनशे चौदा नमस्कार.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फुलारीला दिसू नये म्हणून मी त्याच्यावरच खेकसले, “अरे, दुकानदार रोज सकाळी गल्ल्याला नमस्कार करतो, ते कसं चालतं?”

“ते वजा केलेलं आहे, मॅडम. पण गिऱ्हाईक दुकानाला नमस्कार करील, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

आता करायचं काय, ते त्यानं सांगितलं. अपील करता येतं, निकालाला साठ दिवस. नाहीतर सात दिवस पायरीवर एकही नमस्कार होऊ द्यायचा नाही, मग कुलूप आपोआप उघडतं. मधे एक जरी झाला तरी पुन्हा पहिल्यापासून सात. “आणि एक्केचाळिसावा नियम आहे,” तो जरा भीतभीत म्हणाला. “केंद्राजवळ नंतर प्रार्थनास्थळ झालं, तर परवानाधारकानं ते मान्य असल्याचं लिहून द्यायचं आणि कपाट तीनशे मीटरांबाहेर हलवायचं. अंतर पूर्ण झालं की कुलूप जागच्या जागी उघडतं. फक्त मग इथं पुन्हा केंद्र काढता येत नाही. कधीच.”

“या खोलीतून मी हलणार नाही,” मी म्हटलं. “पुन्हा तो नियम माझ्यापुढं काढायचा नाही.” तो बिचारा चहा न घेताच गेला.

त्या खोलीचं काय ते सांगते. माझी आई तिथं गेली. हाडांचा कॅन्सर. तेव्हा हा कायदा नव्हता, आणि दुखणं थांबवणारं दुसरं जे काही होतं ते आमच्या गावात कुणी ठेवत नव्हतं. मी दिवसभर एका मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून लोकांना टॉनिकं विकायची आणि घरी आल्यावर आई चादरीचं टोक दातांत धरून पडलेली असायची. ओरडू नये म्हणून. मला वाईट वाटू नये म्हणून! सतरा दिवस. तिची खाट जिथं होती तिथंच मी कपाट उभं केलं. ते उघडलं की दर वेळी मला वाटायचं, घे गं आई, आणलं बघ. उशिरा का होईना, आणलं.

म्हणून मी दुसरा मार्ग धरला. सात दिवस कृतघ्नपणा. दुखण्याचे पेशंट थोडे दिवस कळ सोसू म्हणाले. फिटांची एकटी ईश्वरी; तिची बाटली सोमवारीच भरलेली, पुढच्या मंगळवारपर्यंत पुरणार होती. म्हणजे हिशेब नेमका बसत होता. हे औषध एकदम तुटलं की फिटा दुपटीनं उसळतात, हे मला ठाऊक होतं आणि पूनमलाही.

बुधवारी दारावर पाटी लावली. ‘नमस्कार करू नये. चपला काढू नयेत. पायरीस हात लावू नये.’ झालं भलतंच. केंद्र बंद पडलं ही बातमी तालुकाभर गेली आणि लोक विचारपूस करायला यायला लागले. सुतकाच्या घरी येतात तसे, गप्प, माना खाली घालून. मी दारात छडी घेऊन उभी. “हात खिशात! आजी, हात पदरात गुंडाळा. अहो हवालदार, टोपी डोक्यावर राहू द्या!” दुसऱ्या दिवसापासून लोक हुशार झाले. दोन्ही हातांत काहीतरी धरूनच यायला लागले. कुणी भोपळा, कुणी ताकाची चरवी, एकानं तर पोटाशी कोंबडं धरून आणलं. मग ते सगळं माझ्या पायरीवर ठेवायला लागल्यावर फुलारीचा फोन. “मॅडम, आवरा त्यांना, डोळा त्याला नैवेद्य समजेल!” भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.

पूनमला मी सांगितलं, “उद्यापासून आलीस की मला शिव्या द्यायच्या. म्हणजे हात जोडायचं सुचणारच नाही.”

गुरुवारी ती ईश्वरीला कडेवर घेऊन आली. समोर उभी राहिली, तोंड लाल झालं. “ताई, तुमी... तुमी लई... खडूस हाय!”

“बास? नळावर भांडतेस तेव्हा याहून बरं बोलतेस.”

“तुमच्या हातचा चहा गुळमाट असतो!” असं म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. ईश्वरी आईच्या तोंडाकडं बघून खुदकन हसली. मला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी चहाच्या अपमानाबद्दल दोघींना हाकलून दिलं.

शुक्रवारी सकाळी शेखचाचा आले. दोन्ही हात खिशात, मान ताठ, अगदी शिकवल्यासारखे. पण पायरीवर त्यांचा तोल गेला आणि आधाराला हात चौकटीला लागला. झटक्यात मागं सरकले. “अरे अरे! गलती झाली, बाई! माफ करा!” आणि माफी मागताना चाचांनी कोपरापासून दोन्ही हात जोडले.

आत पडद्यावर उरलेले दिवस चाराचे पुन्हा सात झाले.

चाचा स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. “बत्तीस वर्षं गाडीत लोकांना सूचना वाचायला सांगितल्या मी,” ते म्हणाले, “आणि माझ्याच्यानं एक पाळली गेली नाही.” मी त्यांना खुर्ची दिली. एरवी चार शब्द सुनावले असते, त्या दिवशी चहा टाकला. कुलूप आता पुढच्या शुक्रवारी उघडणार आणि ईश्वरीची बाटली मंगळवारी संपणार होती.

त्या दुपारी चाचांनी मला विचारलं, “खोली का सोडत नाही, बाई? माझ्या पोराचं झेरॉक्सचं दुकान बंद पडलंय, किल्ली देतो.” मी त्यांना आईचं सांगितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. ते उठले आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले.

सोमवारी अकराच्या सुमाराला पूनम इस्त्रीची गाडी ढकलत दारावरून चालली होती. ईश्वरी कपड्यांच्या गाठोड्याला टेकून गाडीवर बसलेली. मी हाक मारली तर पूनम थांबेना. मला ते खटकलं. मी बाहेर जाऊन गाडी अडवली. पोरीचा खालचा ओठ सुजला होता, जीभ चावल्याची खूण होती. डोळे अर्धवट.

“पूनम, फिट आली होती हिला?”

ती खाली बघायला लागली.

“कधी?”

“पहाटं एक. मगाशी एक.”

“बाटली उद्यापर्यंत आहे ना? मग कशी आली?”

“म्या...” ती चाचरत बोलली. “शुक्कीरवारपासनं निम्मं थेंब देते, ताई. म्हटलं पुढच्या शुक्कीरवारपतूर पुरवून पुरवून...”

“अगं बये! निम्मे थेंब? आमटी आहे का ती, पाहुणे आले की पाणी घालायला? मला विचारायचं नाहीस?”

“काय इचारू?” पूनम एकदम वर बघून म्हणाली. “तुमाला इचारलं असतं तर तुमी खोली सोडली असती. चाचांनी सांगितलं मला, तुमच्या आईची हाय ती. माज्या पोरीसाठी तुमी तुमची आई सोडा, हे कोणत्या तोंडानं म्हणू?”

मी तिथंच रस्त्यात उभी राहिले. खरं सांगते, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. माझी आई मला वाईट वाटू नये म्हणून चादर चावत होती. आणि आता ही माझं मन राखायला स्वतःच्या लेकराचे थेंब तोडत होती. मी एका मेलेल्या दुखण्याला कवटाळून बसले आणि जिवंत पोरीच्या तोंडातून रक्त आलं.

“गाडी रिकामी कर,” मी म्हटलं.

“आँ?”

“कपडे उतरव, इस्त्री उतरव. कपाट चाचांच्या पोराच्या दुकानात न्यायचंय.”

आत जाऊन मी फुलारीला फोन लावला आणि एक्केचाळिसावा नियम पडद्यावर काढायला सांगितला. एकच वाक्य होतं. ‘मी, परवानाधारक, मान्य करते की सदर जागा प्रार्थनास्थळ आहे.’ सात दिवस मी जगाशी भांडत होते की हे देऊळ नाही, दुकान आहे. अंगठा ठेवला. मग आईची खाट होती त्या जागी जरा उभी राहिले. मोठ्यानं म्हटलं, “आई, मी येते गं.” बास, तेवढंच. पोरगी बाहेर उन्हात होती.

कपाटाला बॅटरी होती, चाकं होती, पण वजन दोन माणसांचं. पूनम, मी, विचारपुशीला आलेला हवालदार आणि वैरागच्या आजींना घेऊन आलेला त्यांचा जावई, अशा चौघांनी ते गाडीवर चढवलं. शेखचाचा तर रोजचेच; ते खांद्यावर ईश्वरीला घेऊन पुढं झाले. गल्लीतली माणसं गोळा झाली. फुलारी फोनवरून ओरडायला लागला, “मॅडम, एक लक्षात ठेवा! चार लोक काहीतरी वाहून हळूहळू चालले आणि मागं गर्दी असली, की रस्त्यावरचे डोळे त्याला पालखी समजतात! जिथं जाल ती जागाही अडकेल. फुलं नकोत, हात जोडायचे नाहीत, चपला कुणी काढायच्या नाहीत!”

“ऐकलंत ना?” मी सगळ्यांना म्हटलं. “देव नाही हा. गंजलेला डबा आहे. शिव्या द्या आणि पळा!”

अशी वरात बार्शीनं पाहिली नसेल. गाडी खडखडत निघाली आणि माणसं तिच्यावर तोंडसुख घ्यायला लागली. “चल की रं मुडद्या!” “आठवडाभर कुलूप लावून बसला, लाज न्हाई!” वैरागच्या आजी तर अशा काही बोलल्या की हवालदार लाजला. पूनमला या वेळी काही शिकवावं लागलं नाही. रडत, ढकलत, अस्सल शिव्या देत होती. चाचांच्या हातात माझा फोन होता. पायांची आग विसरून ते कंडक्टरच्या आवाजात अंतर पुकारत होते. “एकशे दहा! पुढं सरका, पुढं सरका! एकशे साठ! गतिरोधक आहे, सांभाळून!”

अडीचशेला गाडी चढावर अडली. मी खांदा लावला. तेवढ्यात चाचांच्या खांद्यावर ईश्वरीची मान मागं गेली, हात ताठ झाले. तिसरी.

“थांबू नका!” मी ओरडले. चाचांनी तिला कुशीवर घेतलं आणि चालत राहिले. “दोनशे ऐंशी,” ते म्हणाले. “दोनशे नव्वद. बाई, ढकला. दोनशे सत्त्याण्णव.”

पिठाच्या गिरणीसमोर कुलूप उघडलं. खट्. गिरणीच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू आलं.

झेरॉक्सचं दुकान अजून चाळीस मीटर पुढं होतं. नियमाप्रमाणं औषध चार भिंतींच्या आत द्यायचं. मी फोनकडं बघितलं, फुलारी पडद्यावर दिसत होता. तो म्हणाला, “मॅडम, मी जरा पाणी पिऊन येतो,” आणि उठून गेला.

मी पोरीचा दंड कपाटाला लावला. पट्टी वाचायला त्यानं अकरा सेकंद घेतले. फिट ओसरली, जबडा सुटला, तेव्हा मी जिभेखाली थेंब सोडले. पुरते. निम्मे नाही. मग गिरणीच्या ओट्यावर बसून वाट बघायला लागलो. हे औषध जादू नाही, चढायला तासभर लागतो. तासभर कुणी हललं नाही. गिरणीवाल्यानंही गिरणी बंद केली.

चौथी फिट आली नाही. सव्वा तासानं ईश्वरीनं डोळे नीट उघडले, आईला बघितलं आणि म्हणाली, “आई, माझी वेणी सुटली.”

पूनम उठली. माझ्यासमोर आली आणि तिचे हात वर यायला लागले.

“पूनम, हात!” दहा-बारा माणसं एकदम ओरडली. समोरच्या खांबावर रस्त्यावरचा डोळा होता.

तिचे हात छातीपाशी येऊन थांबले. खाली घेववेनात, जोडताही येईनात. माझ्या पायांकडं बघितलं, तेही चालणार नव्हतं. मग पुढं झाली आणि मला मिठी मारली.

आमच्याकडं बायका अशा रस्त्यात मिठ्या मारत नाहीत. मला तर आई गेल्यापासून कुणी जवळच घेतलं नव्हतं. कसं उभं राहायचं तेही कळेना. तिच्या अंगाला इस्त्रीच्या कोळशाचा वास होता आणि तिचं काळीज धाडधाड उडत होतं. मग मला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं, भर रस्त्यात, सगळ्या पेशंटांसमोर. एकवीस वर्षं आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं.

फोनवर फुलारी परत आला होता. “मॅडम,” तो हळूच म्हणाला, “डोळ्यानं काही नोंदवलं नाही. हे त्याला शिकवलेलं नाहीये.”

“सोड गं मेले,” मी पूनमला म्हटलं, “जीव गुदमरतोय माझा.” तिनं सोडलं नाही, आणि मीही तिला घट्ट धरून ठेवलं होतं.